ऐकणारी बाई, वय बहात्तर

हॅलो? … व्हय अक्का, मीच. रक्षिताच. … न्हाई, आवाज बरा हाय माझा. तू बोल.

… बघितलास व्हय सभेचा व्हिडिओ. … खानापुरापतोर पोचला म्हंजे सगळीकडं पोचला म्हणायचा.

… व्हय, ती निळ्या लुगड्यातली आईच. … न्हाई गं, जबरदस्ती कुणी केली न्हाई. … अगं ऐक तरी! कुणीच केली न्हाई. खुशीनं व्हय म्हणाली. ती एकटी न्हवं, अख्खी वाडी म्हणाली, बावीसच्या बावीस घरं.

… काय कबूल केलं म्हंजे? वाडी सोडायची. रान वाघाला, आन् माणसांनी खाली रामनगरच्या बाजूला नवी घरं दिल्यात तितं जाऊन ऱ्हायाचं. येत्या बुधवारी सायब येणार, अंगठे घ्यायला.

… आई? आई परसात हाय. मुडलीचे कंद उकरतीया, बी म्हणून न्यायाला. मी म्हटलं, आई, तितली माती काळी, त्यात मुडली धरायची न्हाई. बघू म्हणाली. … व्हय, नुसतं 'बघू'. तुला ठाऊक हाय की ती.

… बरोबर हाय तुझं. म्हयन्यापूर्वी 'मला हितनं हलवायचं तर लाकडावर घालूनच' म्हणत व्हती. तीच बाई. … कशी काय तयार झाली?

… माझ्यामुळं.

… माझ्यामुळं म्हटलं. अक्का, गलाटा करू नको. एकदा सगळं सांगू दे. परत परत सांगायाची ताकद न्हाई माझ्यात.

ते दांडेलीच्या संस्थेतलं काम न्हवं का मला लागलं, दिवाळीच्या टायमाला? … तेच. गावोगाव जायाचं, लोकास्नी सांगायचं, वाडी सोडली तर काय मिळणार, काय न्हाई मिळणार. आन् नको असंल तर नको म्हणायचा हक्क हाय, ते बी सांगायचं. कागद येतो कन्नडात, त्यो बी कोर्टातल्यासारखा. तर आमच्या शिवानंद सरांनी मोबाईलवर एआय शिकिवलं. आपण काय पायजे ते सांगायचं, त्यानं लिवून द्यायचं.

… माणूस न्हवं गं, मशीन. तुझी सोनाली कॉलेजचा निबंध करून घेती न्हवं, त्येच.

… हां. तर पयल्यांदा मी नुसतं टाकलं, 'गावच्या लोकांसाठी पुनर्वसनाची माहिती मराठीत लिही.' त्यानं काय लिवावं? 'सन्माननीय लाभार्थी बंधू-भगिनींनो'. … हस. मी बी हसले तवा. आपल्या वाडीत लाभार्थी म्हणून हाक मारली तर कुत्रं बी वळून बघायचं न्हाई.

सर म्हणाले, 'रक्षिता, ऐकणारा कोण ते आदी सांग त्याला. वय सांग, बोली सांग. कुणाचं ऐकतो, कशाला भितो, ते सांग. गाव म्हणून लिवू नको, एक माणूस डोळ्याम्होरं धर.' … मग कोण येणार माझ्या डोळ्याम्होरं? आईच आली.

… लिवलं की. अजून हाय मोबाईलवर, वाचू? … 'ऐकणारी बाई, वय बहात्तर. अक्षरओळख न्हाई. मराठीत कोकणी मिसळून बोलते, कन्नड समजतं. उळवीच्या जत्रेपलीकडं गाव बघितलेलं न्हाई. साहेबांवर विश्वास न्हाई. पोरींचं ऐकत न्हाई.' … मग? खोटं हाय का? तुझं कवा ऐकलंय तिनं?

… कशाला भिते ते बी लिवलं. पावसात वढा भरला की वाट बंद, आन् आजारी माणसाला कांबळ्याची झोळी करून खाली न्यावं लागतंय, त्येला भिते. … व्हय, बाबाला नेलेलं तसंच. … ते बी लिवलं. वाटंतच गेला ते बी लिवलं.

… कसं लिवलंस म्हंजे? बोटांनी.

… चिडू नको, अजून म्होरंच हाय. शेवटी लिवलं, ही बाई फक्त नवऱ्याचं ऐकायची. नवरा वाडीचा गावकर व्हता, देवाम्होरं गाऱ्हाणं घालायचा, चार वर्साखाली वारला. … तर मशीननं इच्चारलं, त्येंच्या बोलण्याचा नमुना हाय का?

… दिला.

… अक्का, माझ्याकडं बाबाचं शेवटचं गाऱ्हाणं हाय न्हवं मोबाईलवर, शिमग्याचं? ते लावायचं, थांबवायचं, लिवायचं. शबुद न् शबुद टाकला. अर्धा दिवस गेला. … न्हाई इच्चारलं तुला. इच्चारलं असतं तर नको म्हणाली असतीस.

… मशीनला काय कळतंय व्हय? ऐक मग. 'बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली. पावसाच्या वक्ताला वाट बुडते, दुखणाईत माणूस खांद्यावरनं न्यावा लागतो. खाली घर हाय, रस्ता हाय, दवाखाना हाय. जायाचं त्येनं जावं, ऱ्हायाचं त्येनं ऱ्हावं, कुणावर कुणाचं बळ न्हाई. आन् लेकराबाळांचं बरं हुईल तसं कर रे म्हाराजा.'

… अक्का?

… व्हय. बाबाच. ते 'रे' सुद्धा.

… न्हाई, मला बी पयल्यांदा वाचताना अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा न्हाई आला. तिसऱ्यांदा मी शुद्धलेखन तपासत व्हते.

… सांगते. सभा देवळाम्होरं झाली, दुसरीकडं सावली कुठं हाय? कागद मी उमाजीकाकाकडं दिला. बाबाच्या मागं त्योच गावकर, आन् चार लोकांत वाचणारा त्योच एक. माहिती म्हणून दिला, अक्का. नुसती माहिती! काकानं चष्मा लावला, पयली वळ मनात वाचली आन् चपला काढल्या. डोक्याला फडकं गुंडाळलं. कोण तरी नारळ आणून हातात दिला. सर म्हणत्यात, लोक छान रमलेत.

… मी कुठं व्हते? तितंच, देवळाच्या खांबाजवळ. माईक धरून.

… थांबवायचं कसं? काका एक वळ वाचायचा आन् वाडी म्हणायची, 'व्हय म्हाराजा!' गाऱ्हाण्याला इचार करून व्हय कोण म्हणतंय? तू म्हटलीस कवा? लहानपणापासनं आपसूक तोंडातनं येतंय. 'खाली घर हाय', व्हय म्हाराजा. 'जायाचं त्येनं जावं', व्हय म्हाराजा. 'ऱ्हायाचं त्येनं ऱ्हावं', त्याला बी व्हय म्हाराजा! मी बी म्हटलं. … आईची शप्पत. परत बघ तो व्हिडिओ. खांबाजवळ माझं बी तोंड हललंय.

… कायद्यानं काय हुईत न्हाई त्यानं, बरोबर. सरांनी बी सांगितलं, कुणाला नको असंल त्यानं बुधवारी अंगठा देऊ नका. सर वाईट न्हाईत गं. पर काकानं नारळ फोडला न्हवं. देवाम्होरं व्हय म्हणून नारळ फुटला, आता माघारी कोण फिरणार?

… सांगितलं की! दुसऱ्याच दिशी घर न् घर फिरले. हे गाऱ्हाणं न्हवं, हे मशीननं लिवलंय, मी लिवून घेतलंय. फुलाकाकी म्हणाली, बरं बाई, च्या घेऊन जा. उमाजीकाका म्हणाला, 'लिवलं कुणीबी असू दे पोरी. तोंड माझं व्हतं आन् म्होरं देव व्हता.' 

… कौल लावायचा न्हाई म्हणतोय. एकदा व्हय म्हटल्यावर देवाला परत इच्चारायचं न्हाई. काकाचं बी खरं हाय. बाबा असता तर त्यो बी तेच म्हणाला असता.

… आईला? सगळ्यात आदी आईलाच सांगितलं. ऐकूनच घेईना. 'तुझ्या बाबाचं बोलणं मला कळत न्हाई व्हय? पन्नास वरसं ऐकलंय. त्येनंच जा म्हटलंय,' म्हणाली. आन् तवापास्नं निस्ती आवराआवर चाललीया. पाटा-वरवंटा बी धुऊन ठेवलाय.

… सर? सर खुश हायत. अजून सा गावांचं असंच करून दे म्हणत्यात. 'ऐकणारे तेवढे बदल, बाकी हेच ठेव.' … मी हो सर म्हटलं. … काय ठावं, कसं म्हटलं. तोंडातनं आलं.

… न्हाई, रडत न्हाई. रडू येतच न्हाई. जेवते, झोपते, सगळं करते. पायावर पाय ठेवून लई येळ बसलं की पाय आपला न्हवं असं वाटतंय न्हवं, तसं आतनं झालंय. सकाळी आमटी केली, मीठ घातलंच न्हवतं. आईनं सांगितलं तवा कळलं. मी निम्मी जेवून बसले व्हते.

… भावजींना कशाला पाठवतीस? त्ये येऊन काय करणार? आईला वरडणार? … मग.

… काय म्हणालीस? … परत लिवून घेऊ? … बाबाच्याच बोलीत. ऱ्हा म्हणून. … न्हाई, हसत न्हाई तुला. तू बी माझीच भन, दुसरं काय. मला बी तेच सुचलं. आज सकाळी केलं.

… लिवलं की त्यानं. त्येला काय, च्या निवायच्या आत. आदी जा लिवलं, आता ऱ्हा लिवलं. तेवढंच गोड, तेवढंच खरं वाटणारं. हितली माती, हितली झाडं, देव एकटा पडंल, सगळं. आपल्याला बी वाटावं, बाबाला हेच सांगायचं व्हतं.

… दाखिवलं ना वाचून. चुलीम्होरं बसली व्हती. म्हटलं, आई, बाबाचं अजून एक राहिलेलं हाय, ऐक. … मधी एकदा सुद्धा व्हय म्हणाली न्हाई. शेवटापतोर ऐकलं. लाकूड आत सारलं.

… मग म्हणाली, 'तुझा बाबा एकदा बोललेलं फिरवत न्हवता.'

… थांब, अजून हाय. … म्हणाली, 'हे तुझं हाय.' मी म्हटलं, व्हय. म्हणाली, 'म्हंजे ते पयलं बी तुझंच.' … चार दिस घसा फोडून तेच सांगत व्हते, तवा खरं वाटलं न्हाई तिला. आज वाटलं.

… मला बी तेच वाटलं अक्का, की सुटले आता. आता म्हणंल, जात न्हाई मी. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले सुद्धा.

… न्हाई. चिडली न्हाई. चिडली असती तर किती बरं झालं असतं. माझ्याकडं बघितलं आन् हळूच म्हणाली, 'म्हंजे मी हितनं हलावं असं तुझ्या मनात व्हतं. तर तोंडानं सांगायचं व्हतंस. त्येला कशाला मधी घातलंस?'

… मी? मोबाईल पालथा घातला.

… तेच तर सांगतीया. जाणार. बुधवारी अंगठा देणार. आता देवासाठी न्हवं, बाबासाठी न्हवं. 'तुझ्या मनात हाय न्हवं, मग जाते,' म्हणाली. आन् भांडी घासाय बसली. मी घासते म्हटलं, तर दिली न्हाईत.

… काय?

… काय इच्चारतीस तू मला?

… तुला काय जातंय इच्चाराय, तू खानापुरात. पावसात चार चार दिस हिचा फोन लागत न्हाई. मी रामनगरात खोलीत बसून भात गिळते, आन् हाय का न्हाई ते बी कळत न्हाई. गेल्या श्रावणात वढ्याच्या अल्याड तीन तास भिजत उभी व्हते, पल्याडनं कोण तरी हात हलवून बरी हाय म्हणंल म्हणून. तू कवा उभी राहिलीस?

… न्हाई. तुझ्यावर न्हाई चिडले. राहू दे.

… व्हतं.

… व्हय म्हटलं. मनात व्हतं. ते टाकताना मला ठाऊक न्हवतं, पर व्हतं. माझ्या तोंडानं म्हटलं असतं तर तिनं न्हाई म्हटलं असतं आन् हितंच राहिली असती. आता माझ्या मनासारखं हुतंय, आन् मला तिच्या म्होरं जाऊन बसवत न्हाई.

… अक्का?

… लाईन हाय.

… हां? … आईला सांगू का, फोन केल्तास म्हणून?

… बरं. न्हाई सांगत. … ठेवते.