तू झोप, घर कमावेल!

...नाही, पण मला सांगा, स्वतःच्याच घराची बेल वाजवताना माणसाला घाम फुटावा का? मला फुटला! तुम्हाला सांगतो, मी साधा नळ दुरुस्त करणारा माणूस. शाळा नववीत सुटली, चार माणसांत बोलायची लाज वाटते, पाइपाशी बोलतो तेवढंच. तर आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, एकदा जेवता जेवता म्हणाले, "अरे, किती दिवस लोकांच्या मोरीत वाकणार? एक लहानसं घर घे, भाड्यानं दे. भाड्यातून हप्ता परस्पर जाईल. तू झोप, घर कमावेल!"

झालं! आईनं बांगड्या काढल्या, मी दुकानासाठी साठवलेलं काढलं, उरलेलं बँकेनं दिलं... झालो मालक!

भावोजींचा हिशेब चोख होता हो! फक्त त्या हिशेबात घर कधी रिकामं पडत नव्हतं, बँक हप्ता वाढवत नव्हती, भिंतीला ओल धरत नव्हती आणि नळ तर गळतच नव्हता! इथं पहिले काही महिने घराकडे कुत्रं फिरकलं नाही. मी फोन केला, तर म्हणतात, "धीर धर रे. तू झोप!"

शेवटी एजंटानं भाडेकरू आणले. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आणि त्यांचे म्हातारे वडील. सगळं एजंटानंच केलं, मी समोर गेलोच नाही. मालकासारखं बोलायचं कसं, ते कुठं येतंय मला?

आणि बँकेनं हप्ता वाढवला. आई नुसती मोकळी मनगटं चोळत बसली... ते बघवेना. म्हटलं, आता भाडं वाढवायचं, नाहीतर घर विकायचं. वाक्य पाठ केलं, "बाई, पुढच्या महिन्यापासून भाडं वाढेल." जिना चढताना घोकत गेलो. बेल वाजवली, दार उघडलं. बाईंनी माझ्या खांद्यावरची पान्यांची पिशवी पाहिली... ती मी लग्नाला गेलो तरी खांद्यावर असते, सवय हो!... आणि म्हणाल्या, "आलात एकदाचे! एजंटाला सांगून सांगून थकले. या, मोरीतला नळ बघा."

आता समोर नळ गळत असताना मी मालक कसा राहू, तुम्हीच सांगा? बसलो उकिडवा!

वरून बाई सुरू, "मालकाला भाड्याची तारीख बरोब्बर कळते, नळ कळत नाही!"

मी म्हटलं, "असतात हो अशी माणसं."

आतून म्हातारबाबा ओरडले, "कंजूष आहे लेकाचा!"

"फारच," म्हटलं मी! स्वतःलाच!

मग बाई जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पण घर सोडवत नाही. त्या खिडकीशी असा उजेड येतो, की सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नाही. भाडं वाढलं, तर मात्र निघावं लागेल. बाबांना घेऊन कुठं जाऊ?... तुमची ओळख आहे का मालकाशी?"

"आहे... थोडीशी."

"मग सांगाल, वाढवू नका म्हणून? ऐकतील?"

पाठ केलेलं वाक्य घशात अडकलं, पाइपात चिंधी अडकावी तसं. म्हटलं, "ऐकेल हो. भित्रा आहे."

निघताना बाईंनी मजुरी पुढे केली. मी नको नको म्हणतोय, तर म्हातारबाबा म्हणाले, "घे रे पोरा! त्या कंजुषाकडून तुला काय सुटणार?"

ते मात्र खरं होतं. घेतली!

घरी येऊन भावोजींना फोन केला, "भावोजी, आज घरातून भाड्याच्या वर चार पैसे आले."

"बघ! म्हटलं नव्हतं? कमावतंय ना घर?"

कमावतंय हो, कमावतंय! हप्त्याला कमी पडतं तेवढं भरायला मी आता रविवारीसुद्धा लोकांच्या मोरीत वाकतो. भावोजींचं सगळं खरं झालं... झोपायचं तेवढं राहिलंय!