बांधाकडे तोंड

मिसरोदहून सुटलेल्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक काका आणि त्यांची पुतणी बोलत होती.

“काका, तळ्यातले मासे कसे आहेत?”

“मरत नाहीत गं, पण फिके पडलेत. खाद्याला हिरवी बुरशी लागली होती. मी ती झटकली, खाद्य तीन दिवस उन्हात वाळवलं आणि घातलं.”

“अहो काका, बुरशी झटकली तरी जहर आतच राहतं!”

“प्रयोगशाळेतले साहेबही तेच म्हणाले. मग बंदच केलं. उरलेली गोणी पुरून टाकली.”

“बरं केलंत. मतलब, आता नवीन खाद्य खातात ना?”

“तोंडच लावत नाहीत. पूर्वी डबा वाजवला की धावत यायचे. आता दिवसभर काठाशी रांगेनं उभे असतात, बांधाकडे तोंड करून.”

“आणि गोणी कुठे पुरलीत?”





“त्याच बांधात, चांगली हातभर खोल. आज सकाळी पाहिलं, तर पाण्याखाली बांध पोखरलेला आणि गोणीचा कोपरा बाहेर हलत होता. ओढून काढली, तर रिकामी.”

“आणि मासे?”

“अजून तिथेच उभे आहेत.”