आजीच्या मांडीवरची कार्डं

नाही, ती कात्री नको — ती कापडाची आहे, कागदाला लावलीस तर आजी मला बोलेल, तुला नाही. ही घे, लाल मुठीची. आणि खुर्ची उचलून सरकव गं, फरशीवर कर्र वाजतं, भिंतीपलीकडेच झोपलीय ती. डोळे गेले तसे कान भलतेच तिखट झालेत तिचे, सुई पडली तरी विचारते, काय पडलं? आत्ता तीनला दहा कमी. चारला उठते. घड्याळात बघावं लागत नाही, ती उठली की चार. म्हणजे आपल्याला तास आहे, तासात होतं — अवघड काही नाही, हाताला वळण लागलं की झालं. आल्या आल्या टेबलाशी बसवली म्हणून रागावू नकोस. चहा देते नंतर. आत्याकडे गेलं की आधी काम करून घेते असं सांग तुझ्या बाबाला, तो हसेल.

हो गं, तुला कार्डं करता येतात, मी कुठं नाही म्हणते? आठ वर्षांची होतीस तेव्हापासून दर वर्षी या सणाला न चुकता पाठवतेयस, नऊ झाली — मोजलीत मी. प्रश्न कार्ड करता येण्याचा नाहीये. बाबानं सांगितलं असेल ना तुला उद्या काय असतं ते? अर्धवट सांगितलं असणार, त्याचं सगळंच अर्धवट. आपल्याकडे या सणाला विकतचं काही द्यायचं नाही, हातानं केलेलं द्यायचं. आजीनं चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, छापखान्याच्या मागच्या खोलीत, बोटांना कायम खळीचा वास — तिला दुकानातलं चकचकीत काही दिलं की ती ते असं दोन बोटांत धरायची, मेलेली पाल धरावी तसं. म्हणून कार्डं. आणि डोळे गेल्यापासून तिनं त्याचा खेळ केलाय. जेवणं झाली की सगळी कार्डं तिच्या मांडीवर ठेवायची, कुणाचं कुठलं ते सांगायचं नाही. ती चाचपते आणि ओळखते. कडेला खळ ओघळलीय, म्हणजे तुझ्या थोरल्या काकाचं. कडा सुतासारखी सरळ पण आत काहीच नाही, म्हणजे थोरल्या सूनबाई — हे ती त्यांच्या तोंडावर म्हणते हं, आणि त्याही हसतात, करणार काय. माझं हातात घेतलं की एका क्षणात, हे तुझं, आणि बाजूला. हे तुझं. बस. तीन-तीन आठवडे खपते मी त्यावर.

आणि सगळ्यात शेवटी तुझं.

ते मात्र बाजूला ठेवत नाही. मांडीवर राहतं, चहा होईस्तोवर, पाहुणे जाईस्तोवर, बोटं त्यावरून फिरतच असतात, हे माझ्या नातीचं, माझ्या नातीचं — सगळे थांबतात तिच्यासाठी. आणि मग रात्री मी पांघरूण घालायला गेले की हावरटासारखी विचारते, एवढंच आलं का? दर वर्षी. मी म्हणते, एवढंच. अजून किती यायला हवं होतं तिला कोण जाणे.

बरं, आता हा कागद मधोमध दुमड, आणि घडीवर ही हाडाची पट्टी फिरव. दाबून. आता दाभणानं पाच भोकं पाडायची, मधलं आधी. दोरा मेणातून ओढलेला आहे, गुंता होणार नाही. काय? — हो, शिवायचंय. कार्ड शिवायचं असतं. म्हणजे तू शिवत नव्हतीस हे मला माहितीय, तू रंगीत खडूनं काढायचीस, पण — थांब, सांगते, अशी बघू नकोस माझ्याकडे. उद्या तिनं तुला शेजारी बसवायचं ठरवलंय. तू येतेस म्हणून फोन आला ना, त्या क्षणी म्हणाली, माझ्याशेजारी बसवा तिला, सगळ्यांसमोर एक कार्ड शिवू दे, मी माझे हात तिच्या हातांवर ठेवते. सगळ्यांसमोर. थोरला, थोरल्या सूनबाई, त्यांची मुलं, शेजारच्या मास्तरीणबाईसुद्धा येतात. तेव्हापासून हा कागद-दोरा काढून ठेवलाय मी.

त्याचं असं झालं. पहिल्या वर्षी तुझं कार्ड आलं, ते मी तिच्या मांडीवर ठेवलं. तुझंच, जसं आलं तसं. निळं घर, वर धूर, बाजूला मोठ्ठी कोंबडी — कोंबडी घराएवढी होती, मी किती हसले होते. तिनं बोटं फिरवली. परत फिरवली. उलटं करून पाहिलं. आणि म्हणाली, यात काहीच नाही गं. कोरं पाठवलं का पोरीनं? खडूचं चित्र, बोटांना काय लागणार. आणि चेहरा असा झाला तिचा — जेवली नाही त्या दिवशी. मग मला वाटलं, थोडं काही तरी लावावं. पुढच्या वर्षी तुझ्या झाडाला मी दोऱ्याची पानं शिवली. एवढंच. झाड तुझंच होतं. ती इतकी खूश झाली की मला वाटलं, चला, कुणाचं काय बिघडलं?

नंतर — नंतर काय, एका वर्षी तुझा कागदच इतका पातळ होता की टाका घातला की फाटायचा. म्हणून मी ते जाड कागदावर नवीन केलं. तुझंच चित्र बघून बघून केलं. त्याच्या पुढच्या वर्षी तुझं कार्ड उशिरा येईल असं वाटलं म्हणून मी आधीच करून ठेवलं, होडी केली, शिडाला खरं कापड — आणि तुझं वेळेवर आलं, पण होडी झाली होती ना. मग होडीच दिली. मग पडलीच ती रीत. डाव्या हातानं कापायचे मी, कडा वाकड्या याव्यात म्हणून, लहान मुलीच्या वाटाव्यात म्हणून. तू मोठी होत गेलीस तशा कडा थोड्या थोड्या सरळ करत आणल्या. हसू नकोस. हसत नाहीयेस तू, हो, दिसतंय.

पण आतला मजकूर तुझाच वाचायचे हं मी. अक्षर न अक्षर. प्रिय आजी, मी आता पोहायला शिकले, प्रिय आजी, माझा दात पडला. त्यात मी काही घातलं नाही.

आणि फोन! तुम्ही दोघी फोनवर बोलायला लागलात की माझा जीव टांगणीला. मी शेजारीच उभी, हातात उगाच काही तरी पुसायचं घेऊन. एकदा तू विचारलंस, आजी, माझ्या कार्डातला वाघ आवडला का? आणि मी तर त्या वर्षी फुलपाखरू दिलेलं. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, आवडला हो, फार आवडला. मी सुटले. म्हटलं, विसरली असेल, वय झालंय.

शिव तू, थांबू नकोस. मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर. दोरा ताणून धर.

खरं सांगू का? मला तुझा राग यायचा. तू काय केलं होतंस, काही नाही, इतक्या लांब बसून खडूनं वाघ काढत होतीस. पण मी इथं चोवीस तास — तिची औषधं, तिची आंघोळ, तिला आवडते तशी मऊ पोळी — आणि माझं कार्ड बाजूला, हे तुझं. आणि तुझं मांडीवर. आणि तुझंही माझंच. सांग, कुणाला सांगू हे? माझ्या हाताचं कौतुक माझ्यासमोर होतंय आणि नाव तुझं. मी दोन्ही करायचे एकाच टेबलावर, एकाच कागदाचे दोन तुकडे, आणि शप्पथ सांगते, चांगली कल्पना सुचली की ती तुझ्या कार्डात जायची, माझ्या नाही. बघायचंच होतं मला. ती कितीदा माझ्या नातीचं म्हणते ते मोजायचे मी. वेड लागल्यासारखं झालं होतं.

म्हणूनच ते — काही नाही. शिव. काही नाही म्हटलं ना.

बरं, तूच विचारतेयस तर. हो, तुझं ते विचारणं आलं होतं. तेरा वर्षांची होतीस तेव्हाचं. वाघाच्या पाठीमागं लिहिलेलं, आजी, मी सुट्टीभर तुझ्याकडे राहायला येऊ का, बाबा म्हणतात आजीला विचार. ती ओळ मी वाचली नाही. बाकीचं सगळं वाचलं आणि ती ओळ गिळली. आली असतीस तर तिनं असंच शेजारी बसवलं असतं आणि पहिल्या टाक्याला सगळं उघडं पडलं असतं. एवढंच कारण. दुसरं काही नव्हतं. फोनवर का नाही विचारलंस पुन्हा? — हं. खरंय. एकदा विचारून उत्तर आलं नाही की पुन्हा कोण विचारतं. बाबा यायचा थांबला त्याचंही तेच झालं असेल, आधी रजा नसायची, मग सवय राहिली नाही. चुकलं माझं. तेरा वर्षांच्या पोरीला वाट बघायला लावली मी, एका वाकड्या कडेच्या कार्डासाठी.

रडू नकोस, कागदावर पाणी पडेल. पुस तोंड. आजी उठायला पाच मिनिटं राहिलीत, आणि गाठ राहिलीय, आणि गाठच महत्त्वाची. नीट बघ. दोन्ही टोकं मधल्या भोकाशी आली ना? आता सगळे वरून बांधतात, तसं नाही करायचं. हे टोक खालून घ्यायचं, लांब टाक्याच्या पोटातून, आणि असं डावीकडे ओढून आत दडवायचं. बोटाला बारीक गहू लागल्यासारखं लागतं, बघ, लाव बोट. तुझ्या आजीची गाठ आहे ही. छापखान्यात पानं कापायच्या यंत्रात तिचा उजवा अंगठा सापडला होता, त्यानंतर तिला वरून गाठ बांधताच येईना, म्हणून तिनं ही काढली, स्वतःच्या सोयीनं. दुसऱ्या कुठल्या बांधणीत दिसणार नाही तुला. मी दहा वर्षांची असताना तिच्या शेजारी स्टुलावर बसवून शिकवली मला. मला एकटीला — थोरल्याला धीर नव्हता, तुझा बाबा तर तिकडे फिरकायचाही नाही. त्यामुळे माझे हात दुसरी गाठ बांधतच नाहीत, झोपेतसुद्धा हीच —

हीच बांधतील.

थांब जरा. दे ते इकडे.

तुझ्या कार्डांना मी कुठली गाठ बांधली? वाकडं कापलं. डाव्या हातानं कापलं. खळ मुद्दाम ओघळू दिली. आणि गाठ... गाठ बांधताना मी बघतच नाही ना हाताकडे. झाड, होडी, फुलपाखरू, सगळ्यांना. माझं कार्ड ती एका क्षणात ओळखते, ते कशावरून ओळखत असेल? मला वाटायचं सफाईवरून. बोट पहिलं गाठीवरच जातं तिचं, मी बघितलंय, दर वर्षी बघितलंय, तुझ्या कार्डावरही पहिलं तिथंच जातं. आणि मग म्हणते, माझ्या नातीचं. सगळे ऐकत असतात म्हणून.

आणि रात्री एकांतात विचारते, एवढंच आलं का.

आठ वर्षं. हावरट म्हटलं मी तिला. आत्ता, तुझ्यासमोर म्हटलं. ती तुझं मागत होती गं. मला चोर न म्हणता मागत होती, दर वर्षी एकदा, आणि मी पांघरूण सारखं करून म्हणायचे, एवढंच. आणि उद्या शेजारी बसवणार, हातावर हात ठेवणार — ती तुला तपासायला नाही बसवत आहे, तुझे खरे हात हवेत तिला.

ऐकलंस? काठी वाजली. उठली ती.

नाही, ते शिवणकाम ठेव, सोड ते. हा खण ओढ, खालचा. त्या पिवळ्या पाकिटात आहेत, सगळीच्या सगळी, कोंबडी वर आहे. एकही टाकलं नाही मी, तेवढं मात्र नाही केलं. ही घेऊन आत जा. तिच्या मांडीवर ठेव आणि बोटाला काही लागत नाही म्हणाली तर तोंडानं सांग. इथं घर आहे आजी, निळं, इथं धूर, ही कोंबडी. एवढं सांगायला काय लागतं? मला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. मला सुचलंच नाही, मला सुईदोराच सुचला. आणि वाघाचं पाठीमागचंही वाच. पूर्ण वाच.

मी नाही येत. मी चहा टाकते. दार लोटून घे.

आणि तिनं विचारलं, एवढंच आलं का, तर तूच काय ते सांग. जा आता.