पाठ लागली ती लागली

बसा मंडळी, बसा! पुढं सरका, कीर्तन सुरू होतंय. खांबाला टेकलेल्यांनी झोपायला हरकत नाही – पण घोरताना तालात घोरा, पेटीवाल्याचा गोंधळ होतो!

आता एक प्रश्न विचारते. माणूस पडतो. पडतो ना? घसरून पडतो, परीक्षेत पडतो, निवडणुकीत पडतो, तोंडावर तर रोजच पडतो! मग पडल्यावर मोठं काय? उठणं – की 'पडलो' म्हणणं?

'उठणं' म्हणालात ना? मला ठाऊकच होतं. उठायचं सगळ्यांनाच असतं हो, पण पडलेलं कुणीच नसतं! घसरगुंडी झाली तरी उठता उठता म्हणतात, 'काही नाही, फरशी बघत होतो!'

तर ऐका. वारणाकाठी धामणेवाडी नावाचं गाव. गावात तालीम. तालमीत लाल माती, भिंतीवर मारुती, आणि मारुतीच्या खालोखाल सिदू वस्ताद. वय सत्तरीपार. कुस्त्या करून करून कान असे चुरगळलेले, की जणू देवानं मोदक वळता वळता मध्येच सोडून दिले! उजवा गुडघा कामातून गेलेला. बिनमुलाचा माणूस. तालमीची किल्ली कमरेच्या करदोट्याला. बायको हौसाक्का म्हणायची, "माझं मंगळसूत्र एक वेळ हरवलं तरी चालंल, ह्यांची किल्ली हरवली तर गावात सुतक!"

पण तालमीत येणार कोण? हल्ली पोरांच्या दंडापेक्षा अंगठ्यालाच व्यायाम जास्त! माती उकरायला वस्ताद एकटा, आणि तेल शिंपडायलाही एकटाच.

अशात गावात आले जावईबापू. शालनताई सरपंचांचे जावई, ऋतुराज. पिंपरीला मोठ्या कंपनीत. चांगला, गोरागोमटा, गोड बोलणारा मुलगा. सोबत बायको मृणाल, आणि एक काळी पेटी. ती पेटी पडद्याला जोडली की खेळ सुरू! खेळाचं नाव 'महाबली'. तुम्ही म्हणजे महाबली – उडायचं, भिंतीवरून पळायचं, हातातून जाळ काढायचा, बस उचलून फेकायची. आणि फिरायला आख्खं शहर मोकळं. इकडं जा, तिकडं जा, कुणी विचारत नाही. म्हणजे अगदी जावयासारखं!

जावई आले ते राहिलेच. आठवडा झाला, महिना झाला. कंपनी एवढी रजा देते का? गावानं विचारलं नाही. जावयाला कोण विचारणार! उलट रोज पुरणाचा घाट. एके दिवशी पुरण खाता खाता जावई म्हणाले, "आई, ती तालीम रिकामीच असते ना? तिथं गेम झोन काढू या."

सरपंचांचा घास तोंडातच राहिला. हो म्हणावं तर वस्ताद, नाही म्हणावं तर जावई!

वस्तादाला कळलं. आला तरातरा – म्हणजे एका पायानं तरा, दुसऱ्यानं नुसतंच हूं! दारात उभा राहून म्हणाला, "पावणं, तालीम पायजे? घ्या की! पर मागून मिळत न्हाई. कुस्ती लावा. माझी पाठ मातीला लावली, तर किल्ली तुमची."

"अहो वस्ताद, माझी कंबर... डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय."

"मग तुमच्या त्या पेटीत लावा! तिथं तरी वाकाल न्हवं?"

सगळं गाव हसलं. पण शब्द गेला तो गेला. येत्या रविवारी, तालमीत, पडद्यावर झुंज. हरेल त्यानं तालीम विसरायची.

जावई मनाचे मोठे! सरावाला पेटी वस्तादाच्या घरच्या टीव्हीला जोडून गेले. वस्ताद घोंगडीवर बसला, रिमोट हातात धरला – जसं नवजात बाळ पुरुषमाणसाच्या हातात देतात ना, तसा! समोर एक गुंड आला. वस्तादानं काय केलं असेल? सलामी! हात पुढं केला, म्हणजे आपला खरा हात, पडद्यापुढं! गुंडानं तोवर महाबलीला तीन लाथा घातल्या.

"अवं, त्यो सलामी घेत न्हाई!" हौसाक्का ओरडली.

"वळण न्हाई ग ह्यास्नी," वस्ताद म्हणाला. "आई-बाप कोन हायती बघाय पायजे."

मग कुठलंसं बटण दाबलं गेलं. आणि महाबली – उडाला! मंडळी, काय सांगू! खाली नदी, नदीवर ऊन, उंच उंच इमारती काडेपेटीएवढ्या, कानात वारा! (वारा पडद्यातला हो, पण वस्तादाचे पांढरे केस खरोखर हलल्याचं हौसाक्का शपथेवर सांगते.)

> गुडघा दुखरा, कान चुरगळे, वय सत्तरी पार,
> परि पडद्यावर गरुड होउनी घिरट्या घाली फार!

आणि तो हसत होता. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. गुडघा गेल्यापासून या माणसानं उंबरा सुद्धा धरून ओलांडला होता. हौसाक्का पीठ मळता मळता थांबली. लग्नात पाहिला होता तो चेहरा! म्हणाली, "उडा, उडा. भाकरी थांबंल." खोटं कशाला बोलावं, त्या खेळात हा गुण होता. मोडलेल्या माणसाला त्यानं घटकाभर आभाळ दिलं.

पण हौसाक्का पडली संसारी बाई! तिनं पडद्यात डोकं घातलं. "जरा त्या गच्चीवर उतरा बगू. पापड वाळत घातल्यात का?"

नव्हते. दुसऱ्या गच्चीवर? नाही. आख्खं शहर पालथं घातलं, उन्हाळ्याचं लखलखीत ऊन, आणि एका गच्चीवर पापड नाही, कुरडई नाही, लोणच्याची बरणी नाही!

"दार वाजवा कुनाचं तरी."

दारं उघडेनात. नुसती रंगवलेली! रस्त्यातल्या माणसांना वस्तादानं विचारलं, "जेवलासा का?" माणसं म्हणाली, "आज हवा छान आहे." पुढच्या चौकात विचारलं, "आज हवा छान आहे." एक बस उचलून दाखवली, तर सगळे ओरडले, "पळा! पळा!" – आणि बस खाली ठेवल्यावर? "आज हवा छान आहे!" गुंड म्हणाल तर एकाच साच्यातले. एकाला मारा, तोच पुन्हा समोर. नाटक कंपनीत माणसं कमी पडल्यासारखे!

झुंजीच्या दिवशी जावयांनी विचारलं, "काय वस्ताद, कसा वाटला खेळ?"

वस्तादानं पैलवानाला जोखावं तसं जोखून सांगितलं. "उडी शंभर नंबरी. बळ म्हनशीला तर रग्गड. पर पावणं, एवढं बळ दिलंय आन् ते कुनासाठी लावायचं, त्यो माणूसच त्या गावात न्हाई. शेवटी शेवटी मला त्या शहराची कीव आली बगा."

तालीम खच्चून भरली. शाळेतून पडदा आणला, हलगीवाला आला. शालनताई पंच. वस्तादानं माती उचलली, कपाळाला लावली, आणि मग, ऐका हं, रीत म्हणून रिमोटला चोळली! आपल्या तर चोळलीच, जोडीदाराला माती लावायची असते म्हणून जावयांच्या रिमोटलाही मूठभर चोळली!

"अहो! अहो वस्ताद! बटणं!"

बटणं अडकली ना! खाली वाकायचं बटण नेमकं आत-बाहेर, आत-बाहेर. आणि पडद्यावर, एवढ्या उंच मनोऱ्याच्या टोकावर, लाल झगा घातलेले दोन महाबली समोरासमोर – बैठका मारायला लागले! उठ-बस, उठ-बस! हलगीवाल्यानं लगेच ठेका धरला. गाव म्हणतंय, "शाबास! जोर काढा!" मृणाल हसून हसून मातीत बसली.

फुंकर मारून मारून बटणं मोकळी झाली आणि झुंज पेटली. जावयांनी जाळ फेकला, वस्ताद बाजूला झाला. कुठली बटणं दाबली त्याची त्यालाच ठाऊक, पण पडद्यावर पडली ती अस्सल धोबीपछाड! जावयांचा महाबली रस्त्यावर उताणा. चितपट! हलगी कडाडली. वस्ताद हात वर करून उभा राहिला.

आणि जावयांनी अंगठा दाबला. महाबली उठला!

"आं? पाठ लागली की तुमची!"

"खेळात तसं नसतं वस्ताद. पाच जीव असतात. दाबलं की उठतो."

"पाठ लागल्यावर उठतोय? आरं, आस्मान दिसलं म्हंजी हरला!"

"इथं आस्मानातच तर राहायचं असतं!" जावई म्हणाले, आणि वस्ताद अजून डोकं खाजवतोय तोवर त्यांनी त्याच्या महाबलीला उचललं, ढगांत नेलं आणि सोडून दिलं. धाड! चौकाच्या मधोमध. उताणा. दोन्ही खांदे टेकलेले.

वस्तादानं रिमोट खाली ठेवला.

"अवं, दाबा!" हौसाक्का किंचाळली. "चार जीव शिल्लक हायती!"

"पाठ लागली, हौसा."

"मातीला कुटं लागली? डांबराला लागली! डांबराची धरत न्हाईत!"

"पाठ ती पाठ."

गावही उसळलं – "वस्ताद, आधी त्यांची लागली! त्यांनी कुठं मानलं?" वस्ताद म्हणाला, "त्यांनी मानायचं का न्हाई, ते त्यांच्यापाशी. माझी लागली, ती मला कळली. हरलो." करदोटा चाचपला. गाठ सुटेना, दातानं सोडवली. आणि सारा जन्म कमरेला असलेली ती किल्ली जावयांच्या हातावर ठेवली.

काय वाटलं असेल हो त्याला? एवढंच – की कंबर हलकी झाली, आणि तालीम एकदम मोठी दिसायला लागली.

जावई किल्लीकडं बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, आता 'थँक्यू' म्हणणार. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते असं –

"माझी नोकरी गेलीय."

हलगीवाल्याच्या हातातून टिपरी पडली.

"दिवाळीच्या आधीच गेली. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, आधी दुसरं काहीतरी उभं करू, मग सांगू. म्हणून हा गेम झोन..."

मृणाल उठली. पदराची माती सुद्धा झटकली नाही. "दिवाळीच्या आधी? मग इथं येईस्तोवर मी रोज डबा कुणासाठी भरत होते? कुठं जात होतात तुम्ही?"

"बागेत."

"आणि डबा?"

"...कुत्र्याला."

"माझी भरली भेंडी कुत्र्याला?"

"कुत्र्यानंही नाही खाल्ली ग."

मंडळी, हसावं की रडावं? मृणालला दोन्ही एकदम आलं. शालनताई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "अहो जावईबापू, मग पुरण कशाला एवढं रेटून खाल्लंत? एका शब्दानं बोलायचं! रोजची आमटी-भाकरी मिळाली नसती का?"

"तुम्ही रोज विचारत होता, कंपनी काय म्हणते. काय सांगू आई? दाबत राहिलो बटण..." असं म्हणता म्हणता मुलगा खाली वाकला. बसला, आणि तिथंच लाल मातीत आडवा झाला. उताणा. वर तालमीचे पत्रे.

वस्ताद लंगडत गेला. कुस्ती झाली की रीत असते, उभ्या असलेल्यानं आडव्याला हात द्यायचा. इतका वेळ 'पावणं, पावणं' म्हणणारा तो म्हातारा वाकला आणि म्हणाला, "लागली नव्हं पाठ? झ्याक झालं. आता ऊठ, लेका."

लेका! जावयाला गावात 'लेका' कुणी म्हणतं का? पण मंडळी, तो उठला तो त्या शब्दाला धरून.

किल्ली परत द्यायला गेला, वस्ताद घेईना. "हरलोय मी. किल्ली तुझी." गाव म्हणालं, घ्या. हौसाक्का म्हणाली, घ्या. हा आपला कंबर आवळून उभा! शेवटी ऋतुराज म्हणाला, "बरं, तालीम माझी ना? मग माझ्या तालमीला वस्ताद नाही. तुम्ही राहाल का?"

वस्तादानं मिशी चोळली. "पगार?"

"हौसाक्कांची भाकरी."

"ती मला तशीबी मिळती!"

"तुम्हाला नाही, मला. 'लेका' म्हणालात ना?"

तालमीच्या पडवीत आज पडदा आहे आणि आत माती. पोरं उडायला येतात, उडता उडता आत डोकावतात, आणि एकदा मातीत उतरली की वस्ताद सोडतोय होय! मृणालनं नवऱ्याशी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी भरली भेंडी केली आणि समोर बसून खायला लावली. त्यानं खाल्ली. मागून घेऊन खाल्ली! प्रायश्चित्त म्हणतात ते हेच.

आता तुमच्याकडं वळते. चुळबूळ करू नका! 'मुलाचं लग्न? बघतोय, चालू आहे.' 'तब्येत? ठणठणीत!' 'भावाशी बोलणं आहे ना?' 'हो हो, असतं की!' अहो, केव्हाची पाठ लागलीय, आणि आपला अंगठा बटणावरच! दमत नाही का तुम्ही? तुम्हाला हात द्यायला माणसं शेजारी बसलीत हो. ती पडद्यातली नाहीत, 'हवा छान आहे' एवढंच म्हणून थांबणारी नाहीत. पण तुम्ही उभेच आहात म्हटल्यावर ती हात देणार कुणाला?

मोठ्यानं सांगा म्हणत नाही मी. शेजारीण टपून बसलीय, मला दिसतंय! डोळे मिटा आणि मनातल्या मनात एकदाच म्हणा – हरलो. हरले.

झालं म्हणून? मग उचला टाळ. ज्यांचं झालं त्यांनी दणक्यात वाजवा. आणि ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी सावकाश म्हणा, घाई नाही. तुमच्यासाठी आम्ही हे एक भजन दोनदा म्हणू.