वीस मिनिटांची तहकुबी

मार्शल: व्यत्ययाचं स्वरूप. घोषणा, पत्रकं भिरकावणं, फलक दाखवणं, की इतर?

ताई: गाणं म्हटलं मी.

मार्शल: गाण्याचा रकाना नाही, बाई. 'इतर'वर खूण करते. पण मग तपशील लिहावा लागतो. काय म्हणालात ते जसंच्या तसं सांगा.

ताई: म्हणून दाखवू?

मार्शल: नको, नको. नुसतं सांगा. पलीकडे सचिवांची खोली आहे.

ताई: लिहा. शिडी धरून मी उभी, बंधू चढे वरवर. माझ्या हाताला गं घट्टे, त्याच्या डोळ्यांना अंतर.

मार्शल: ...डोळ्यांना अंतर. यात आक्षेपार्ह तर काही दिसत नाही मला. पण प्रेक्षक गॅलरीत खोकायचं म्हटलं तरी बेतानं खोकायचं असतं, बाई. वय?

ताई: एकसष्ट.

मार्शल: व्यवसाय?

ताई: परिचारिका. पालिकेच्या प्रसूतिगृहात. बारा खाटांचं आहे. सुरू झालं त्या दिवसापासून तिथेच. तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलं मला, पण पाय ऐकत नाहीत, सकाळी आपोआप तिकडेच वळतात.

मार्शल: सभागृहातल्या कुणाशी नातं? नसणारच. रेघ मारते.

ताई: मारू नका रेघ. सभापतींची थोरली बहीण.

मार्शल: कुठल्या सभापतींची?

ताई: तुमच्याकडे किती आहेत?

मार्शल: पण तुम्हाला बाहेर काढायचा हुकूम त्यांनीच दिला की.

ताई: दिला. 'त्या बाईंना बाहेर न्या.' असंच म्हणाला ना? त्या बाईंना.

मार्शल: साहेबांनी वर पाहिलं नसेल. खालून गॅलरीतले चेहरे नीट दिसत नाहीत.

ताई: पाहिलं. मग चष्मा काढला.

मार्शल: अगंबाई. मग बाकड्यावर कशाला, इथे या, खुर्चीवर बसा. पाणी देऊ?

ताई: पाणी द्या. बाकडंच बरं. खुर्चीचं आमच्या घरात जरा जास्तच झालंय.

मार्शल: हसवू नका, ताई. हे बघा, सभागृह वीस मिनिटं तहकूब झालंय. पुन्हा भरेल, ते विधेयक होईल, मग सभा उठली की तुम्हाला सोडायचं. तोवर दाराला आतून कडी. नियमच आहे.

ताई: घाला कडी. कळा सुरू असताना मी बायांच्या नवऱ्यांना अशीच बाहेर ठेवायची. कुणीतरी येतंय वाटतं.

मार्शल: साहेब? तुम्ही इकडे? निरोप धाडला असता तर...

सभापती: जरा बाहेर थांबा.

मार्शल: नियमानं यांना एकटं सोडता येत नाही, साहेब.

सभापती: मग भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा.

मार्शल: हो, साहेब.

सभापती: ताई, कुणी ओढलं का तुला? हात दाखव.

ताई: नाही रे. या पोरीनं तर जिन्यावर 'सावकाश, पायरी तुटकी आहे' म्हणून सांगितलं. तुझ्या विधानभवनात माझ्याशी पहिलं चांगलं बोललेली हीच.

सभापती: तू आज यायला नको होतंस.

ताई: अर्ज करून पास काढला, धाकल्या. दोन तास रांगेत उभी राहिले. अर्जात भेटीचं कारण विचारलं होतं. लिहिलं, भाऊ कामावर कसा दिसतो ते बघायचंय.

सभापती: आणि गायलीस.

ताई: तू विधेयक पुकारलंस तशी आपोआप तोंडातून आली. ओवी अशी विचारून येत नाही. तुझ्या पहिल्या निवडणुकीत अशाच यायच्या. तू शिडीवर चढून पत्रकं डकवायचास, मी खाली शिडी धरून दोन दोन ओळी जुळवायची, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर पोरं त्याच म्हणत फिरायची. तेव्हा तुला आवडायच्या.

सभापती: आताही आवडतात.

ताई: मग बाहेर का काढलंस?

सभापती: गॅलरीतून आवाज आला की काढावंच लागतं. तू असलीस तर जास्तच. नाहीतर म्हणतील, घरचं माणूस म्हणून सोडलं.

ताई: ते सोड. मला एक सांग. हे विधेयक काय आहे ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. पेपरातल्या भाषेत नको.

सभापती: तुला माहीत आहे.

ताई: सांग तरी.

सभापती: पालिकेचे छोटे दवाखाने बंद करायचे. त्यांच्या जागा बिल्डरांना विकासासाठी द्यायच्या. एकोणीस जागा आहेत.

ताई: अकरावी कुठली?

सभापती: ताई.

ताई: अकरावी आपली. माझी पहिली मुलगी टेम्पोत झाली, पुलावर. मोठं इस्पितळ दोन कोसांवर. तू चौदा वर्षांचा होतास, मागच्या फळीला धरून उभा. ती रडली नाही. तू रडलास. पुलाच्या त्या टोकापर्यंत तूच रडत होतास, आणि मी तुला म्हणत होते, अरे उगी, उगी. त्या रडण्यातून ते प्रसूतिगृह उभं राहिलंय. विटा नंतर आल्या.

सभापती: मी विसरलोय असं वाटतं तुला?

ताई: नाही. विसरला असतास तर सोपं होतं, मी घरी झोपले असते. निवडून आलास तेव्हा पहिल्याच सभेत काय केलंस ते आठवतं? महापौर हात न मोजताच ठराव उरकत होते. तू बाकावर उभा राहिलास आणि 'मोजा, मोजा' म्हणून घसा फोडलास.

सभापती: तीन सभांसाठी निलंबित झालो.

ताई: आणि घरी येऊन तिन्ही दिवस लोळत पडलास, राजासारखा. मग स्थायी समितीत गेलास, प्रसूतिगृह झालं. महापौर झालास, गाडी आली. गाडीबरोबर घड्याळ आलं. यायचास आणि उभ्यानंच म्हणायचास, ताई, दहा मिनिटं आहेत. आमदार झालास तसे निरोप यायला लागले. राज्यमंत्री झाल्यावर निरोप्यालासुद्धा निरोप्या.

सभापती: राज्यमंत्री असताना या विधेयकाला मी विरोध केला होता. बैठकीत. एकट्यानं. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

ताई: नाही.

सभापती: सगळ्यांनी ऐकून घेतलं. पक्षप्रमुखांनी पाठीवर हात ठेवला. आठ दिवसांत माझं नाव सभापतिपदासाठी जाहीर झालं. बिनविरोध. हार, फोटो. तूही आली होतीस.

ताई: टाळ्या वाजवल्या मी. म्हटलं, आमचा धाकला सगळ्यांच्या वर बसला.

सभापती: वरच बसलोय. सभापतीनं कुठल्याच बाजूनं बोलायचं नसतं, ताई. ज्याला त्याला बोलायची परवानगी मी देतो. पूर्ण सभागृहात मुका तेवढा मी. प्रमुखांना ओरडावं लागलं नाही, धमकावावं लागलं नाही. मला वर चढवलं आणि संपलं.

ताई: बोलू नकोस मग. मी बोल म्हणायला आलेच नाही.

सभापती: मग?

ताई: मोज.

सभापती: काय?

ताई: गॅलरीत मी दुसरं काय करत होते? वॉर्डातली पाळण्यातली पोरं मोजायची सवय आहे मला, एका नजरेत मोजते. तुमच्या बाजूची बाकं रिकामी आहेत. विरोधकांची भरलेली.

सभापती: आमचे सतरा जण अजून पोचले नाहीत. धुक्यानं विमान अडकलंय. आणि अधिवेशन आज संपतं.

ताई: म्हणजे मोजलं तर पडतं.

सभापती: म्हणून ही चिठ्ठी आलीय. वाच.

ताई: चष्मा नाही माझा. तूच वाच.

सभापती: 'आवाजी घ्या. मोजणी मागितली तरी देऊ नका.' 'होय' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा की 'नाही' म्हणणाऱ्यांचा, ते मी कानानं ठरवायचं. मी म्हणेन ते बहुमत.

ताई: मोजणी द्यायचा अधिकार कुणाचा?

सभापती: माझा.

ताई: मोजणं म्हणजे बोलणं नव्हे ना? बाजू घेणंही नव्हे.

सभापती: नव्हे.

ताई: तुला हवं ते मी मागत नाहीये, धाकल्या. तुझं कामच मागतेय.

सभापती: विधेयकाला एक परिशिष्ट जोडलंय. त्यात पालिकेचा जुना ठराव आहे. या एकोणीस जागा 'अल्प वापराच्या' आहेत, असा. खाली महापौरांची सही.

ताई: कुठल्या महापौरांची?

सभापती: ताई, माझी.

ताई: वाचला नव्हतास?

सभापती: त्या दुपारी बासष्ट ठराव होते. बाहेर गाडी सुरू होती. मी मोजणी दिली की प्रमुख उठतील आणि तो कागद सभागृहात वाचतील. प्रसूतिगृह बांधणाऱ्यानंच ते निकामी ठरवलं म्हणून. उद्या गल्लीगल्लीत तेच.

ताई: वाचू दे. मी सांगेन गल्लीत. म्हणेन, चुकला. चार दिवस लोक थुंकतील, पाचव्या दिवशी कुणाच्या तरी सुनेला कळा सुरू होतील आणि सगळे तिकडे धावतील.

सभापती: आणि मी? मी काय करू पाचव्या दिवशी?

ताई: घरी ये.

सभापती: घरी येऊन काय करू? चोपन्न वर्षांचा आहे. मला दुसरं काय येतं? सव्विसाव्या वर्षापासून एकेक पायरी नुसता वरच जात आलोय. उतरायचं कसं ते मला ठाऊकच नाही, ताई.

ताई: खाली मी शिडी धरलीय की.

सभापती: एकसष्टाची झालीस तू.

ताई: बाळंतिणींना उचलून घेतलंय या हातांनी. तू काय जड आहेस?

मार्शल: साहेब, माफ करा, मी भिंतीकडेच बघतेय. पण घंटा झाली. दुसरी होईल आता.

सभापती: हो. निघतो.

ताई: थांब. तो चष्मा दे इकडे. किती धुरकट आहे, यातून तुला माणसं दिसतात तरी कशी? घे. आता दिसतील.

सभापती: ताई, मी वर पाहिलं होतं. तू गात होतीस तेव्हा.

ताई: माहीत आहे. जा.

मार्शल: गेले. कडी घालते पुन्हा. ताई, इथे भिंतीवर स्पीकर आहे, आतलं सगळं ऐकू येतं. बंद ठेवू का?

ताई: लावा.

सभापती (भिंतीवरच्या स्पीकरमधून): सन्माननीय सदस्यांनी जागेवर बसावं. प्रश्न असा आहे की, विधेयक संमत करण्यात यावं. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं.

ताई: एवढंच? आमच्या वॉर्डातली दोन दिवसांची पोरं याहून मोठ्यानं रडतात.

मार्शल: हळू, ताई.

सभापती: प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं.

ताई: ऐकलंत?

मार्शल: आम्हाला ऐकू येत नाही, ताई. नोकरीच तशी आहे.

ताई: तो गप्प का झाला?

मार्शल: स्पीकर बंद पडला की काय? नाही, दिवा लागलाय.

ताई: श्वास ऐकू येतोय त्याचा. मोजतोय. लहानपणी मोजताना असाच श्वास धरायचा, मध्येच सोडायचा, पुन्हा पहिल्यापासून. 'मोजणी' म्हणून ओरडतंय ना कुणीतरी आत?

मार्शल: हो. बरेच जण.

ताई: म्हण, धाकल्या. एकच शब्द आहे.

सभापती: होयचं बहुमत.

ताई: काय म्हणाला?

सभापती: होयचं बहुमत. विधेयक संमत झालं आहे.

मार्शल: ताई. ताई, पाणी घ्या.

ताई: दोनदा का म्हणाला?

मार्शल: पद्धत आहे. दोनदा म्हणायचं असतं.

ताई: पहिल्यांदा म्हणताना अडखळला. दुसऱ्यांदा नाही. आतली माणसं अजून ओरडतायत?

मार्शल: ओरडतात थोडा वेळ. मग चहाला जातात. ऐका, सभा उठली. इथे सही करा, तुम्ही मोकळ्या.

ताई: हे वरचं काय लिहिलंय?

मार्शल: 'समज देऊन सोडण्यात आले.' मी काही समज दिली नाही, पण लिहावं लागतं. तुमचा ग्लास पडलाय, असू दे, मी पुसते. रिक्षा बोलावू?

ताई: तो कधी सुटतो?

मार्शल: साहेब? सगळ्यात शेवटी. आधी फोटो, मग प्रमुखांच्या दालनात अभिनंदन, मग कागदांवर सह्या. आणि पुढून येत नाहीत ते, ताई. गाडी मागच्या दारानं निघते, काचा वर असतात. थांबून उपयोग नाही.

ताई: उपयोगाचं नाही म्हणत मी.

मार्शल: भांडणार त्यांच्याशी?

ताई: ते तोंड बघितल्यावर कळेल मला. दिवसभर काही खाल्लेलं नाही त्यानं, ओठ पांढरे पडले होते. तुम्ही भिंतीकडे बघत होतात म्हणून दिसलं नाही.

मार्शल: दोन तास तरी लागतील, ताई. तिथे सावली नाही, बसायला ओटा नाही.

ताई: बरं. मागचं दार कुठल्या बाजूला आहे?