दुसरी किल्ली

अण्णा : अगं, म्हणजे दोन तास जिन्यात बसलीस? पायात चपला तरी होत्या का?

सून : घरातल्या सपाता. आणि हातात रिकामं खोकं. तेच खाली टाकायला निघाले, मागे दार आपोआप लागलं. फोन आत, किल्ली आत.

अण्णा : लॅचचं दार! त्या लॅचनं चाळीस वर्षं पोसलं मला. दुकानात निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याच नावानं बोटं मोडत यायची. आणि माझीच सून दाराबाहेर! किल्लीवाल्याची सून म्हणून सांगू नकोस हो तिकडे कुणाला.

सून : सांगायला आहे कोण इथे? काल सामान उतरवून गाडीवाले गेले, त्यानंतर तो इमारतीचा रखवालदार आणि आता फोनवर तुम्ही. एवढ्यांशीच बोललेय मी.

अण्णा : दार त्यानंच उघडलं का?

सून : हो, जेवून आल्यावर. पण त्याआधी मी एक वेडेपणा केला. हसाल तुम्ही.

अण्णा : हसतो. सांग.

सून : बेल वाजवली.

अण्णा : शेजाऱ्यांची?

सून : माझ्याच दाराची. एकदा नाही, तीनदा. जुन्या घरी मी कचरा टाकायला जाताना किल्ली कधी न्यायचेच नाही ना. हे असायचे आत, ओरडायचे, आलो आलो. हे गेल्यावर नऊ महिने तिथे एकटी राहिले, एकदाही चुकले नाही. आणि इथे पहिल्याच दिवशी बेल वाजवून उभी! वाट बघत होते, अण्णा. खरंच वाट बघत होते.

(अण्णा चष्मा काढतात.)

सून : अण्णा? आहात ना?

अण्णा : आहे, आहे. चष्मा पुसत होतो. काय म्हणाला मग तुझा रखवालदार?

सून : म्हणाला, मी रोज नसतो, दुसरी किल्ली ओळखीच्या कुणाकडे तरी ठेवा. एक कागद दिलाय. ती कुणाकडे आहे त्याचं नाव लिहून उद्या द्यायचं.

अण्णा : मग ती तुझ्या लॅबमधली मैत्रीण?

सून : मैत्रीण कसली, शेजारच्या टेबलावर बसते. तिचं आडनावसुद्धा मला माहीत नाही. कागद तसाच ओट्यावर पडलाय. एवढ्या मोठ्या शहरात माझी एक किल्ली ठेवायला माणूस नाही हो. हे गेले त्या दिवशीसुद्धा घरात चार माणसं होती. फार एकटं वाटतंय आज.

अण्णा : रड पोरी. रडून घे. मी फोन ठेवत नाही.

सून : नाही रडत. रडून खोकी थोडीच रिकामी होणारेत? त्यात जुन्या घरमालकांना तीन किल्ल्या परत द्यायच्यात, सापडतायत दोनच. सगळं उपसून झालं.

अण्णा : आता उपसू नकोस. तिसरी माझ्याकडे आहे.

सून : तुमच्याकडे?

अण्णा : मी तिकडे आलो होतो ना, परत निघताना विमानतळावर पोरानं माझ्या खिशात घातली. म्हटलं, अरे, मी तिथनं काय उघडणार? तर म्हणाला, असू द्या अण्णा, घर तुमचंही आहे. जुडग्यातच आहे अजून. रोज हाताला लागते.

सून : ती पाठवावी लागेल, अण्णा.

अण्णा : पाठवतो की. उद्याच टाकतो. परक्याच्या दाराची किल्ली मी उभ्या जन्मात ठेवून घेतली नाही. पण तुझी ती दुसरी आहे ना, ती इकडे पाठव.

सून : आणि परत अडकले तर? विमानानं याल उघडायला?

अण्णा : नाही बाई जमायचं. पहिली गळ्यात अडकव, आणि तरी विसरलीस तर बस जिन्यात. पण कागदावर नाव तर घालता येईल.

सून : थांबा, पेन घेते. ... हं, लिहिलं. पुढे विचारलंय, ही व्यक्ती घरापासून किती अंतरावर राहते?

अण्णा : ते कोरं सोड.