ती जागा काकांची

त्या रविवारी सकाळी सडा घालून झाला होता, भांडी पालथी घातली होती आणि मी ओसरीत लाल मिरच्यांची देठं खुडत बसले होते. आत साकेत आणि त्याच्या मंडळींचा सराव चालला होता.

पण असं एकदम सुरू करणं बरं नाही. सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, समोर बसलेले यवतमाळकर आणि उद्या पुण्याला निघालेला आपला साकेत, सर्वांना माझा नमस्कार.

साकेत गिटारवर जॅझ वाजवतो, तेही स्वतः बांधलेलं. जॅझ म्हणजे काय, हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं होतं. चाल ठरलेली असते, पण मध्ये एकेकाला मोकळी जागा मिळते. तिथं ज्याला जे सुचेल ते त्यानं वाजवायचं. हे साकेतसोबत बेस गिटार वाजवत. हे गेले, तेव्हा त्यानं ह्यांच्या नावानं एक रचना केली. तिच्यात ह्यांची जागा आली की सगळे हात थांबवत. ह्यांची गिटार हार घालून भिंतीवर. आणि शांतता झाली की सगळे माझ्याकडे बघत.

केवढा मोठा मान! नको कसं म्हणणार? सराव माझ्याच घरी, काकूंना एकटं वाटू नये म्हणून. दर रविवारी. मग मी घाटंजीला बहिणीकडे जाईना, कुणाच्या लग्नाला जाईना. त्या शांततेत मी हजर असायलाच हवी होती.

त्या दिवशीही ती झाली. शेजारच्या लीलाबाई माझं तोंड न्याहाळत म्हणाल्या, "काहून वो, आज डोयात पाणी नाही?"

"मिरचीचा हात लावू काय?" मी म्हटलं आणि आत गेले.

"साकेत, त्या जागेत कोणी तरी वाजवा आता. लोहारा गावची निकिता वाजवते ना बेस? तिला घे."

"काकू, ती जागा काकांची हाय. तिथं दुसऱ्याले कसा बसवू?"

"तुझे काका गेले रे बाबा. तिथं मीच बसून राह्यली."

तो जाताना पाया पडला. रागावला की काय, मला कळलं नाही.

साकेत, इतकी वर्षं तू माझं घर मुकं होऊ दिलं नाहीस, हे मी विसरणार नाही. मला इथं बोलायला उभं केलं, त्याबद्दल मंडळाची आभारी आहे. भाषणाची सवय नाही. कमी-जास्त बोलले असेन तर घरचं माणूस समजून पोटात घाला.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी काय केलं, तेवढं सांगून बसते. गिटारचा हार काढला, ती भिंतीवरून उतरवली, ऑटोत घेऊन बसले आणि लोहाऱ्याला निकिताच्या हातात देऊन आले.